परुळेकर जमैका बघतात

आपण आयुष्यात कोणाला शब्द दिलेला नाही आणि म्हणूनच तो कधी मोडलेलाही नाही, याचा जयवंत परुळेकरांना फार अभिमान होता. मुलुंड पूर्वेच्या 'सहविचार' सोसायटीत, अंधेरीच्या औषध कंपनीतल्या खरेदी खात्यात, इतकंच काय, स्वतःच्या लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा त्यांनी 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर दिलं नव्हतं. मुलीच्या वडलांनी विचारलं, "मग, मुलगी पसंत ना?" तेव्हा परुळेकर म्हणाले होते, "जमेल का, बघतो." लग्न जमलं खरं, पण ते बाकीच्यांनी जमवलं म्हणून!

"जमेल का, बघतो" हे त्यांचं ब्रह्मास्त्र होतं. गणपतीची वर्गणी असो, शेजाऱ्याच्या मुलाची मुंज असो की साहेबांनी सांगितलेलं रविवारचं काम असो, परुळेकर मान किंचित तिरकी करून हे वाक्य सोडायचे आणि मोकळे व्हायचे. ऑफिसातल्या नव्या पोरांना ते त्यातली खुबीसुद्धा समजावून सांगत. "अरे, बघतो म्हणजे काय? बघणार! बघितल्यावर काय दिसेल त्याला मी जबाबदार आहे का? कोणाचा बाप तुला या वाक्यात पकडू शकत नाही!"

या ब्रह्मास्त्राचा सगळ्यात जास्त मारा अर्थातच घरात झाला होता. वसुधावहिनी दर वर्षी होळीच्या आसपास विषय काढायच्या. "अहो, या मे महिन्यात कुठेतरी जाऊ या ना. लांब नको, महाग नको. फक्त मला तिथे स्वयंपाक करावा लागू नये, एवढंच." परुळेकर म्हणायचे, "जमेल का, बघतो." आणि मे महिना उजाडला की सगळं बिऱ्हाड एस.टी.त बसून परुळ्याला, परुळेकरांच्या मूळ गावी रवाना व्हायचं. तिथे परुळेकर लोट्यावर, म्हणजे पुढच्या पडवीत, आरामखुर्ची टाकून आंबे खायचे. वहिनी चुलीपुढे बसून घरच्या आणि आल्या-गेल्याच्या भाकऱ्या थापायच्या, उरलेल्या वेळात फणसाची साठं घालायच्या आणि कोकमं फोडायच्या. अशी चौदा वर्षं झाली. सुट्टी सगळ्यांचीच व्हायची. वहिनींची फक्त बदली व्हायची.

तर मंडळी, ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. त्या वर्षी आपली टीम वेस्ट इंडिजला गेली होती आणि पहिल्याच कसोटीत, जमैकात, मार खाऊन बसली होती. मुलुंडमध्ये ज्याला ठाण्याच्या पलीकडचा भूगोल ठाऊक नव्हता तोही जमैकाच्या खेळपट्टीबद्दल बोलत होता. नेमक्या त्याच दिवसांत परुळेकरांची अक्कलदाढ काढावी लागली.

दाताच्या डॉक्टरने दाढ काढली, तिच्या जागी लिंबाएवढा कापसाचा बोळा कोंबला आणि बजावलं, "घट्ट दाबून धरा. संध्याकाळपर्यंत बोलायचं नाही." परुळेकर गाल धरून घरी पोचतात न पोचतात तोच तळमजल्यावरून मृणालिनी दळवींची हाक आली. "परुळेकर भाऊजी! धावा! कोल्हापूरहून ट्रंककॉल आहे!"

सोसायटीत फोन एकट्या दळवींकडे. काशीराम दळवी सोसायटीचे सेक्रेटरी, आणि फोनवर चाललेलं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई नेहमी स्वयंपाकघरात जायच्या. स्वयंपाकघराला दार नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

फोनवर बाळ होता. बाळ म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ, कोल्हापूरला बँकेत. तिकडून तो ओरडला, "भाऊजी! यंदा मे महिन्यात परुळं नको! आपण सगळे कुठेतरी जाऊ! तुमचा काय विचार आहे?"

परुळेकरांनी बोळा न सोडता ब्रह्मास्त्र सोडलं. पण झालं असं, की त्यातला 'ल' कापसात अडकला.

"जमे'का बघतो," परुळेकर म्हणाले.

"क्काय? जमैका?"

"अरे, जमे'का! जमे'का बघतो म्हटलं ना!" ट्रंककॉल असल्यामुळे परुळेकर सगळी ताकद लावून ओरडले. स्वयंपाकघरात उलथनं खाली पडल्याचा आवाज आला.

"जमैका बघताय? खरंच? अहो, मग परुळं काय घेऊन बसलो मी! अभिनंदन, भाऊजी! हार्दिक अभि—" आणि तीन मिनिटं संपून फोन कट झाला. दाढ काढल्याबद्दल इतक्या उमाळ्याने अभिनंदन करणारा मेहुणा आपल्याला मिळाला आहे, हे परुळेकरांना आजवर माहीतच नव्हतं. ते भरल्या गालाने वर गेले आणि झोपले.

वसुधावहिनी त्या दिवशी पार्ल्याला मावशीकडे गेल्या होत्या. संध्याकाळी परतल्या त्या सोसायटीच्या फाटकापासून जिन्यापर्यंत अभिनंदनं स्वीकारतच. घरात आल्या तेव्हा त्यांच्या हातात पिशवी तशीच होती आणि डोळ्यांत पाणी होतं.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

परुळेकरांनी भुवया उडवून 'काय?' असं विचारलं.

"काय काय? जमैका! सगळ्या बिल्डिंगला माहीत, बाळला माहीत, मलाच नाही माहीत!"

परुळेकरांना उलगडा झाला आणि त्यांच्या कापसाची चव एकदम बदलली. ते जोरजोराने दोन्ही हात हलवू लागले. नाही, नाही, नाही!

"असू दे, असू दे. उगीच संकोच करू नका," वहिनी म्हणाल्या. "मला आनंदाने वेडं करायचं होतं ना तुम्हाला? झाले मी!"

त्यांनी पदर खोचला आणि दाढेला सोसेल असा मऊसूत, केशर घातलेला शिरा केला. बोळा काढून झाला की एका वाक्यात सगळं सांगून टाकायचं, असं परुळेकरांनी ठरवलं होतं. बोळा निघाला. पण शिऱ्याची वाटी पुढे ठेवताना वहिनी म्हणाल्या, "खरं सांगू? चौदा वर्षं मला वाटत होतं, मी बोलते ते तुम्हाला ऐकूच येत नाही. तुम्ही ऐकत होतात हो. मनात ठेवत होतात."

हे ऐकल्यावर परुळेकरांना फार वाईट वाटलं. खरोखर वाईट वाटलं. त्याचबरोबर, खोटं कशाला सांगा, थोडं बरंही वाटलं, कारण बायकोने त्यांच्याकडे असं कौतुकाने लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. शिरा गरम होता. त्यांनी विचार केला, सांगू उद्या.

आणि उद्यापासून तर मजाच सुरू झाली! परुळेकरांच्या न्हाणीघराचं छत तीन पावसाळे गळत होतं आणि दळवी "बजेट बघू" म्हणत होते. दळवी स्वतः प्लंबरला घेऊन सकाळीच हजर. "फॉरेनला जाणाऱ्या सभासदाच्या डोक्यावर पाणी गळतं, हे बरं दिसत नाही!" ऑफिसात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, चक्क बसायला सांगितलं आणि चहा मागवला.

"परुळेकर, छुपे रुस्तम निघालात यार! आपल्या कंपनीतून आजवर सिंगापूरच्या पुढे कोणी गेलेलं नाही. लागेल तेवढी रजा घ्या. मी हेड ऑफिसला कळवलंय."

"साहेब, ते अजून तसं काही..."

"किती विनम्र आहात हो!"

परुळेकरांनी आपल्या परीने आपली समजूत घातली. आपण जमैका म्हणालोच नाही. आपण शब्द दिलेला नाही. लोकांनी तो परस्पर घेतला, त्याला आपण काय करणार? मामला आपोआप विरून जाईल. त्र्याऐंशी सालात मुलुंडमध्ये एखादी गोष्ट आपोआप विरून जाते, असं ज्याला वाटतं तो माणूस मुलुंडमध्ये राहत असेल, पण मृणालिनीबाईंच्या वरच्या मजल्यावर राहत नसावा!

आठवड्याभरात वहिनींनी शाळेचा ॲटलास आणला. मुलगी क्षमा सहावीत होती. माय-लेकी जमिनीवर पालथ्या पडून मुंबई ते जमैका अंतर बोटांनी मोजायच्या.

"आई, राजधानी किंग्स्टन!"

"तिथे हिरवे डोंगर आहेत म्हणे. आणि हॉटेलात नाश्ता खोलीत आणून देतात. खोलीत, गं! मी नुसती पलंगावर बसून राहायचं!" असं म्हणून वहिनी पोरीसारख्या हसायच्या. परुळेकर पेपर उलटा धरून गॅलरीत बसायचे.

पुढच्या शनिवारी दळवींनी त्यांना धरून ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटकडे घाटकोपरला नेलं. बरोबर वहिनीही निघाल्या, नवं पातळ नेसून. चंद्रप्रकाश नावाचा हा एजंट जन्मभर सुतार आणि वेल्डर आखातात पाठवत आला होता.

"जमैका?" चंद्रप्रकाशने टेबलावरचा पृथ्वीचा गोल फिरवला. "नोकरीला?"

"फिरायला," वहिनी म्हणाल्या.

"फिरायला?" त्याने गोल थांबवला. "ताई, तिकडे फिरायला कोण जातं? तिकडे जातात ते बॅटिंग करायला! आणि तेसुद्धा रडतच परत येतात!"

परुळेकरांच्या जिवात जीव आला. "म्हणजे नाही जमणार ना? बघ वसुधा, हे म्हणतायत..."

"नाही कसं जमणार साहेब?" चंद्रप्रकाशच्या धंद्याच्या अब्रूचा प्रश्न होता. "आधी लंडन. तिथून दुसरं विमान. मी आजवर माणूस परत आणलेला नाही, पण पाठवलेला एकही पोचला नाही असं झालेलं नाही! पासपोर्ट आहेत?"

"फॉर्म भरून टाकलेत," वहिनी म्हणाल्या.

"कोणी?" परुळेकर ओरडले.

"मी. दळवी भाऊजींनी मदत केली. तुमची सही राहिलीय तेवढी."

दळवी शेजारी बसून प्रसन्नपणे हसत होते. परुळेकरांना त्या क्षणी जाणवलं, की गोष्ट हाताबाहेर चालली आहे आणि आपले हात वर करायचेही राहून गेले आहेत.

घरात एकच व्यक्ती ताळ्यावर होती. ती म्हणजे परुळेकरांची आई, मालनआजी. आजींना जमैका हे नाव उच्चारता यायचं नाही आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नव्हता. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता त्यांनी मुलाला जवळ बोलावलं.

"जयवंता, थंय असता तरी काय?"

"समुद्र असतो, आई."

"आनी?"

"माड असतात. केळी असतात. मासे. आंबेसुद्धा असतात म्हणे. आणि उकाडा."

आजींनी सूप खाली ठेवलं. "मगे तां परुळ्याक नाय? ह्याच बगूक इमानान कित्याक जातास? येष्टीन जा मां!"

परुळेकर उभ्या जागी खिळून राहिले. आई! माझी आई! सुटकेची वाट त्या माउलीने तांदळातल्या खड्यासारखी अलगद उचलून त्यांच्या हातावर ठेवली होती. त्याच संध्याकाळी ते वाचनालयात गेले. जमैकावर सापडेल ते सगळं त्यांनी वाचून काढलं. जसजसे वाचत गेले तसतसा त्यांचा चेहरा उजळत गेला. तिथे काजू होता! नीरफणस होता! नारळाच्या रसात शिजवलेला भात होता! पावसाळ्यात तिथेसुद्धा कौलं उडून जायची! जमैका म्हणजे परुळंच होतं, फक्त परुळ्याच्या माणसांना बॅटिंग येत नव्हती.

तरीही हे वहिनींना सांगायचं धाडस त्यांना होत नव्हतं. तेवढ्यात बाळने वाट लावली! त्या काळी घरातलं कोणी परदेशी निघालं की पेपरात फोटोसकट छोटी जाहिरात देण्याची पद्धत होती. एका सकाळी चहाबरोबर परुळेकरांसमोर त्यांचाच चेहरा आला. वर छापलं होतं, 'परदेशगमन'. खाली, 'आमचे मेहुणे श्री. जयवंत परुळेकर सहकुटुंब जमैका (वेस्ट इंडिज) येथे प्रयाण करीत आहेत. हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक: बाळ व समस्त मित्रमंडळ, कोल्हापूर.' फोटो लग्नातला होता. मुंडावळ्या कापल्या होत्या, पण एक लोंबती राहिली होती.

जाहिरात आली म्हणजे सत्कार आलाच. दळवींनी रामनवमीनंतरचा रविवार पक्का केला. गणपतीचा माईक काढला, खुर्च्या भाड्याने सांगितल्या. मृणालिनीबाईंनी परुळेकरांच्या हाती एका पुडक्यात मेतकूट दिलं. "माझी नणंद कॅनडात असते. तुम्ही तिकडेच चाललाय, जाता जाता टाका." साहेब प्रमुख पाहुणे म्हणून यायला कबूल झाले. बाळ बायकोला घेऊन आदल्या रात्रीच्या गाडीने निघाला. सहार विमानतळावर पोचवायला सोसायटीतर्फे लक्झरी बस करायची की दोन टेम्पो, यावर सोसायटीत दोन तट पडले.

सत्काराच्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं. वहिनी न्हाणीघरात बादल्या भरत होत्या. परुळेकर दारात जाऊन उभे राहिले. बाळ अजून यायचा होता, क्षमा खाली खेळत होती. आता नाही तर कधीच नाही!

"वसुधा, मी जमैका म्हणालोच नव्हतो."

वहिनींनी वळून पाहिलं.

"तोंडात कापूस होता. बाळ विचारत होता, मे महिन्यात काय? मी म्हणालो, जमेल का बघतो. त्यातला 'ल'..." परुळेकरांनी गालाला हात लावून दाखवला. "तो 'ल' निघालाच नाही."

बादली भरून वाहायला लागली. नेहमी असं झालं तर वहिनी पाण्याच्या नासाडीवरून घर डोक्यावर घ्यायच्या. आज त्या वाहत्या बादलीकडे नुसत्या बघत राहिल्या.

"म्हणजे तेच," त्या म्हणाल्या. "जे चौदा वर्षं म्हणता तेच."

"हो ना!" परुळेकर म्हणाले, आणि लगेच त्यांना कळलं, की आपण हे उत्साहाने म्हणायला नको होतं.

वहिनींनी नळ बंद केला. "मला विमानाचं काही नव्हतं हो. जमैकाचंही नव्हतं. तुम्ही एकदा आपणहून माझ्यासाठी काही ठरवलंत, एवढ्यानेच मी महिनाभर हवेत होते." आवाज रडका नव्हता. रडका असता तर परुळेकरांना सोपं गेलं असतं.

"मी संध्याकाळी सगळं सांभाळून घेतो. भाषण तयार आहे. जमैका आणि परुळं एकच आहे, असं सिद्ध करून टाकतो. आपली अब्रू जाणार नाही, बघ तू."

"करा सिद्ध," वहिनी म्हणाल्या आणि दुसरी बादली लावली.

संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात माणूस मावत नव्हता. दळवींनी शाल घातली, साहेबांनी श्रीफळ दिलं. बाळने भाऊजींच्या नावाने घोषणा दिल्या. वहिनी पहिल्या रांगेत नवी साडी नेसून, हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या. परुळेकर नारळ काखेत धरून माईकसमोर उभे राहिले.

"मंडळी! जमैकात आहे काय? नारळ!" त्यांनी काखेतला नारळ वर केला. "तो आपल्याकडे आहे! समुद्र आहे! तो परुळ्याला आहे! मासे आहेत, केळी आहेत, फणस आहे, काजू आहे! घामाच्या धारा आहेत! जे आपल्या दारात आहे ते बघायला हजारो मैल जायचं? देशाचं परकीय चलन उधळायचं? नाही मंडळी! मी पूर्ण अभ्यास केला आहे. जमैका म्हणजे परुळंच! म्हणून आम्ही जमैकाला जाणं रद्द करत आहोत!"

सगळ्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं. मग साहेबांनी टाळी वाजवली आणि सगळं अंगण टाळ्यांनी दणाणलं. "वा! काय देशाभिमान!" दळवी म्हणाले. मागून कोणीतरी "परुळेकर आगे बढो!" असं ओरडलं. परुळेकरांचा विश्वास बसेना. सुटले! शाल मिळाली, नारळ मिळाला, न्हाणीघर दुरुस्त झालं आणि कुठे जायलाही नको! ते खुर्चीकडे वळले, तोच वहिनी उठून माईकपाशी आल्या. त्या आजवर माईकवर कधी बोलल्या नव्हत्या, त्यामुळे दळवींना त्यांना अडवायचं सुचलंच नाही.

"ह्यांचं अगदी खरं आहे," वहिनी म्हणाल्या. "जमैका म्हणजे परुळंच. आणि परुळं मी चौदा वर्षं बघतेय. मला ते सगळं बघून झालंय, चुलीसकट. तेव्हा आम्ही असं ठरवलंय, की जिथे माड नाही, मासे नाहीत आणि घाम नाही अशा ठिकाणी जायचं. आम्ही काश्मीरला जातोय! बाळ आणि त्याची बायकोही येतायत. यात्रा कंपनीबरोबर जायचं, म्हणजे आचारी त्यांचा. उद्या पैसे भरायचे."

"ताई, झकास!" बाळ उडी मारून उठला. त्याला हे आत्ताच कळत होतं, पण त्यामुळे त्याचं काही अडलं नाही.

दळवींनी माईक परुळेकरांच्या तोंडापुढे धरला. "काय परुळेकर, नक्की ना?"

परुळेकरांनी समोर पाहिलं. साहेब हसत होते. मृणालिनीबाई कान देऊन होत्या. क्षमा दोन्ही मुठी आवळून बसली होती. आणि वहिनी त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या समोर कुठेतरी बघत होत्या, उत्तर काय येणार ते माहीत असलेल्या माणसासारख्या.

"हो," परुळेकर म्हणाले. माईकमधून तो 'हो' एवढा मोठा आला, की ते स्वतःच दचकले.

गंमत बघा, त्या 'हो'नंतर परुळेकर बदललेच! दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन पैसे भरून आले. लोकरी मोजे आणले. माकडटोपी आणली आणि ती सवय व्हावी म्हणून एप्रिलच्या मुलुंडमध्ये घरात घालून बसू लागले. घाम टिपत टिपत ते क्षमाला दाल सरोवर किती लांब आहे ते सांगायचे. वहिनींशी बोलताना "आपण शिकाऱ्यात बसू तेव्हा" अशी वाक्याची सुरुवात करायचे. वहिनी "हं" म्हणायच्या. चौदा वर्षांत प्रथमच परुळेकरांना कुठेतरी जावंसं वाटत होतं, तेही बायकोबरोबर! आणि हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, या विचाराने ते चकित होत होते.

मग एक दिवस साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. या वेळी बसायला सांगितलं नाही.

"परुळेकर, तुमची ती स्पेशल रजा रद्द."

"साहेब! का?"

"अहो, ती जमैकासाठी होती! हेड ऑफिसला काय सांगू, आमचा माणूस पहलगामला घोड्यावर बसतोय म्हणून? काश्मीरला तर आपला प्यूनसुद्धा हनिमूनला जाऊन आलाय! आणि मे महिन्यात ऑडिट आहे. तुम्ही दर वर्षी परुळ्याला पळता, यंदा थांबा."

"पण साहेब, मी घरी शब्द दिलाय!"

साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही?" ते म्हणाले, आणि पोट धरधरून हसले.

परुळेकर घरी आले ते चेहरा पाडून. वहिनींनी ऐकून घेतलं, थोडं हळहळल्याही. यात्रा कंपनीला कळवून त्यांनी परुळेकरांच्या जागेवर बाळच्या सासूबाईंना घेतलं. माकडटोपीही सासूबाईंना बरोबर बसली.

मालनआजी पुतण्याबरोबर परुळ्याला गेल्या. वहिनी आणि क्षमा काश्मीरला गेल्या. परुळेकर मुलुंडला राहिले. सकाळी चहा उतू घालवायचा, दिवसभर ऑडिटवाल्यांना फायली दाखवायच्या, रात्री स्टेशनजवळच्या खानावळीत चवळीची उसळ खायची. मृणालिनीबाईंनी एकदा आमटी पाठवली आणि तिच्याबरोबर मेतकुटाचं पुडकं परत मागवलं. एका रविवारी परुळेकरांनी स्वतः भाकरी थापायचा प्रयत्न केला. तिसऱ्या भाकरीला बोटं भाजली तेव्हा ते गॅस बंद करून बराच वेळ ओट्यापाशी उभे राहिले. एवढ्या भाकऱ्या वसुधा उन्हाळाभर कशा थापायची, हा हिशेब त्यांना काही केल्या लागेना.

मंडळी परत आली तेव्हा परुळेकर गाडी यायच्या तासभर आधीच दादरच्या फलाटावर हजर होते. डब्यातून आधी क्षमा उतरली, मग वहिनी. गाल लाल झालेले, खांद्यावर काश्मिरी शाल, आणि तोंड क्षणभर मिटत नव्हतं. बर्फ असा! केशर असं! आचारी इतका चांगला, की वहिनींनी वीस दिवसांत पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने घेतलं नाही! बाळने मागून सामान उतरवता उतरवता जाहीर केलं, "भाऊजी, पुढच्या मे महिन्यात सिमला-मनाली ठरलं! गाडीतच ठरवलं आम्ही!"

"वा," परुळेकर म्हणाले. त्यांनी बॅग उचलली, खाली ठेवली आणि आयुष्यात कधी न विचारलेला प्रश्न शक्य तितक्या सहज आवाजात विचारला. "आणि माझं काय ठरलं?"

वहिनी बोलायच्या थांबल्या. या मुद्द्यावर विचार करायचं गाडीत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. इस्त्री नसलेला शर्ट, उतरलेले गाल, भाजलेल्या बोटांना लावलेली हळद. त्यांना खरोखर दया आली.

"तुम्हीही आलात तरी चालेल," वहिनी म्हणाल्या.

परुळेकरांनी दोन्ही हातांत दोन बॅगा घेतल्या आणि टॅक्सी बघायला ते सगळ्यांच्या पुढे चालू लागले.